फितीवरचे रंग आणि पदकामागचे नाव

लष्करी गणवेशाच्या डाव्या छातीवर, खिशाच्या वरच्या अंगाला, रंगीत कापडाच्या छोट्या पट्ट्यांची जी ओळ असते तिच्याकडे आपण साहित्याची माणसे शोभेची गोष्ट म्हणूनच पाहतो. या पट्ट्या जमवणारे, त्यांच्या रेघा मोजून त्यांची नावे सांगणारे लोक आपल्याला काहीसे पोरकट वाटतात. पोस्टाची तिकिटे आणि काडेपेट्यांची चित्रे जमवण्याच्या वयातून ही मंडळी बाहेरच आली नाहीत, असा आपला सौम्य उपहास असतो. माझे मत वेगळे आहे. फीत ओळखणे ही वाचनाचीच क्रिया आहे आणि कोणत्याही वाचनाप्रमाणे ती चांगली करता येते, तशी फार वाईटही करता येते. क्यूबाच्या लष्करी मानचिन्हांचे उदाहरण मी मुद्दाम घेतो आहे, कारण या एका बेटाच्या पदकांत गेल्या सव्वाशे वर्षांत इतक्या सत्तांनी आपापली कथा विणली आहे, की केवळ रंग जुळवून थांबणाऱ्या संग्राहकाचे अपुरेपण तिथे लगेच उघडे पडते.

आधी परिभाषेचे थोडे. ‘ऑर्डर’ म्हणजे सन्मानश्रेणी. तिला बहुधा वर्ग असतात. ‘मेडल’ म्हणजे पदक. ते एखाद्या मोहिमेसाठी, सेवेसाठी किंवा स्मरणार्थ दिले जाते. ‘हीरो’सारखी पदवी या दोहोंहून वेगळी. आणि फीत म्हणजे मूळ पदक ज्या कापडी पट्टीला लटकते तिचाच आखूड तुकडा. रोजच्या गणवेशावर पदकाऐवजी तो लावतात. म्हणजे फीत ही पदकाची खूण आणि पदक ही घटनेची खूण. खुणेची खूण वाचणाऱ्याने मूळ घटनेपर्यंत पोचावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुतेक जण पहिल्या पायरीवरच समाधानी होतात.

क्यूबाविषयीच्या पदकांची कहाणी क्यूबाने दिलेल्या पदकांपासून सुरू होत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. १८९५ साली स्वातंत्र्ययुद्ध पेटले, १८९८ मध्ये अमेरिका त्यात उतरली आणि स्पेनचे राज्य संपले. हरलेल्या स्पेननेही आपल्या सैनिकांना क्यूबाच्या मोहिमेचे पदक दिले. जिंकलेल्या अमेरिकेने तर एका बेटासाठी अनेक पदके काढली आणि त्यांची नावे वाचण्यासारखी आहेत. एक स्पॅनिश मोहिमेचे. दुसरे १८९८ ते १९०२ या काळातील सैनिकांसाठी, ‘क्यूबाच्या ताब्याचे’. तिसरे १९०६ ते १९०९ या काळातील दुसऱ्या हस्तक्षेपासाठी, ‘क्यूबाच्या शांततास्थापनेचे’. ‘ताबा’ या शब्दात निदान प्रांजळपणा आहे. ‘शांततास्थापना’ या शब्दाचा अर्थ ज्यांच्यावर ती स्थापिली गेली त्यांना विचारावा. आपण वर्गात शब्दशक्ती शिकवतो, अभिधा-लक्षणा-व्यंजना फळ्यावर लिहितो. व्यंजनेचे इतके चपखल उदाहरण धातूवर कोरलेले क्वचितच मिळेल. आणि ज्या तीस वर्षांत क्यूबाचे लोक स्पेनशी तीनदा लढले, त्यांचा उल्लेख या तिन्ही नावांत नाही. तिथे क्यूबा हे फक्त स्थळ आहे.

यातल्या पहिल्या पदकाच्या फितीची गोष्ट अधिकच बोलकी आहे. तिच्यावर आरंभी स्पेनच्या ध्वजाचे लाल व पिवळे रंग होते. जित शत्रूचे रंग विजेत्याच्या छातीवर. पुढे स्पेनशी संबंध सुधारले तेव्हा १९१३ मध्ये, स्पेनच्या भावनांचा मान राखण्यासाठी, लालच्या जागी निळा रंग आला. पदक तेच, युद्ध तेच, सैनिकही तोच. बदलली ती फीत. त्यामुळे संग्राहकाच्या हाती लाल-पिवळी फीत आली तर ती जुनी आणि निळी-पिवळी आली तर नंतरची, हे झाले कोष्टकातले उत्तर. परंतु दोन राष्ट्रांच्या राजनैतिक सौजन्याने एका सैनिकाच्या आठवणीचा रंग बदलला, हे वाचन कोष्टकात बसत नाही. शिवाय या सौजन्यात क्यूबाला कोणी काही विचारले नव्हतेच.

स्वतंत्र प्रजासत्ताकाच्या काळातील मानचिन्हांकडे मी फार वेळ थांबणार नाही. त्यांतील प्रमुख म्हणजे १९२६ साली स्थापन झालेली कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस यांच्या नावाची सन्मानश्रेणी. १० ऑक्टोबर १८६८ रोजी आपल्या साखरमळ्यावरच्या गुलामांना मुक्त करून स्पेनविरुद्ध पहिले युद्ध पुकारणारा हा मळेवाला. पीतज्वर डासामुळे पसरतो हे १८८१ मध्ये मांडणारे डॉक्टर कार्लोस फिनले यांच्या नावाचीही एक सन्मानश्रेणी होती. ही चिन्हे देखणी आहेत, मीनाकाम सुरेख आहे, लिलावात त्यांना भाव चांगला येतो. त्या काळच्या युरोपीय दरबारी शैलीची छाप त्यांच्यावर इतकी दाट आहे, की नाव झाकले तर ती कोणत्याही देशाची वाटावीत.

खरी गुंतागुंत १९५९ नंतर सुरू होते. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेच्या पाठबळाने निर्वासित क्यूबनांनी केलेले आक्रमण तीन दिवसांत मोडून काढले गेले. इंग्रजी जगात ही घटना ‘डुकरांच्या उपसागरा’च्या नावाने ओळखली जाते, क्यूबात ती ‘प्लाया हिरोन’, म्हणजे हिरोन किनारा. त्याच वर्षी त्या नावाची सन्मानश्रेणी स्थापन झाली आणि जुलैमध्ये हवानात आलेल्या युरी गागारिनला ती देण्यात आली. एका किनाऱ्यावरच्या लढाईचे चिन्ह पहिल्या अंतराळवीराच्या छातीवर लागले, आणि त्या क्षणी त्याचा अर्थ बेटापुरता राहिला नाही.

पण साहित्याच्या अभ्यासकाने इथे आणखी एक थर उकलला पाहिजे. हिरोन हे नाव कोणाचे? परंपरेने सांगितले जाते, की ते खिल्बेर्तो हिरोन या फ्रेंच चाच्याचे. १६०४ साली त्याने क्यूबाचा बिशप ओलीस धरला. सुटकेनंतर स्थानिक लोकांनी चाच्यांवर चाल केली आणि साल्वादोर गोलोमोन नावाच्या कृष्णवर्णी गुलामाने हिरोनला ठार केले. सिल्वेस्त्रे दे बाल्बोआ याच्या ‘एस्पेहो दे पासिएन्सिया’ या १६०८ च्या कथाकाव्याचा हाच विषय आहे आणि क्यूबाच्या साहित्याचा आरंभ बहुतेक इतिहासकार या काव्यापासून मानतात. गोलोमोनला स्वातंत्र्य द्यावे, असे आवाहन कवी त्यात करतो. म्हणजे समुद्रातून आलेला आक्रमक, त्याला किनाऱ्यावर गाठणारे सामान्य लोक आणि एका गुलामाच्या मुक्तीची मागणी हा सगळा ऐवज त्या एका नावात साठलेला आहे. गंमत अशी, की विजयाच्या सन्मानाला नाव मिळाले ते आक्रमकाचे. आणखी गंमत म्हणजे या काव्याचे हस्तलिखित एकोणिसाव्या शतकात उजेडात आले आणि ते अस्सल आहे की त्या काळच्या देशप्रेमी मंडळींनी रचलेले, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. पदकांच्या बाजारात बनावट नगांवर जी चर्चा चालते ती इथे थेट राष्ट्रीय साहित्याच्या पहिल्या पानावर चालली आहे. नाणी-पदकांच्या एकाही सूचीत मला या काव्याचा उल्लेख आढळलेला नाही. दोष सूचिकारांचा म्हणावा, तर साहित्याच्या इतिहासकारांनी तरी त्या सन्मानाची दखल कुठे घेतली?

आजची रचना मुख्यतः जून १९७८ च्या कायद्याने आणि पुढच्या वर्षीच्या पूरक आदेशाने उभी राहिली. तिच्यातली नावे एका ओळीत मांडली तर राष्ट्राने स्वतःविषयी लिहिलेला संक्षिप्त इतिहासच समोर येतो: आंतोनियो मासेओ, माक्सिमो गोमेस हे एकोणिसाव्या शतकातले सेनानी, कामिलो सिएनफुएगोस आणि एर्नेस्तो चे गेवारा हे क्रांतीतले, १८६९ च्या संविधान सभेच्या वेळी स्त्रियांच्या मुक्तीची मागणी करणारी आना बेतांकुर. या सर्वांच्या वर १९७२ मध्ये स्थापन झालेली होसे मार्ती सन्मानश्रेणी. चिलेचे अध्यक्ष साल्वादोर आयेंदे त्याच डिसेंबरात हवानात आले तेव्हा त्यांना ती प्रदान झाली. मार्ती मूलतः कवी, निबंधकार, मुलांसाठी मासिक चालवणारा संपादक. १९ मे १८९५ रोजी दोस रिओस येथे तो पहिल्याच चकमकीत पडला. ज्या देशात सर्वोच्च राजसन्मान एका कवीच्या नावाचा आहे, त्या देशाच्या मानचिन्हांचा विषय केवळ लष्करी इतिहासाच्या प्राध्यापकांकडे सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

याच कारणासाठी मला साक्षरतेचे पदक विशेष महत्त्वाचे वाटते. १९६१ साली, म्हणजे हिरोनच्याच वर्षी, सुमारे एक लाख तरुण-तरुणी, त्यांतले कित्येक शाळकरी वयाचे, कंदील आणि क्रमिक पुस्तक घेऊन खेडोपाडी गेले आणि वर्षअखेरीस सात लाखांहून अधिक प्रौढ लिहायला-वाचायला शिकले. त्या स्मृतीचे पदक आहे. पुढे सैन्यात गेलेल्या माणसाच्या छातीवर त्याची फीत युद्धपदकांच्या फितींशेजारी दिसू शकते. कोष्टक घेऊन बसलेला संग्राहक तिला ‘कमी महत्त्वाची’ ठरवतो, कारण ती लाखभर जणांच्या वाट्याला आली आणि तिला बाजारात भाव नाही. शिक्षकी पेशातल्या माणसाने हे मूल्यमापन निमूटपणे का मान्य करावे?

आता ओळख पटवण्याच्या पद्धतीकडे वळू. ती शिस्तीची आहे आणि आपल्या पाठचिकित्सेशी तिचे नाते जवळचे आहे. प्रथम रेघांचा क्रम आणि त्यांची सापेक्ष रुंदी पाहायची. रंगावर विसंबून चालत नाही, कारण उष्ण व दमट हवेत कापड विटते. लाल गुलाबीकडे झुकतो, निळा करडा होतो. रंग उडतो पण रेघेची रुंदी टिकते. कृष्णधवल छायाचित्रात तर लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेत मिसळू शकतात. मग ओळीतले स्थान. बहुतेक सैन्यांत सन्मानाचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे अनोळखी फीत कोणत्या दोन ओळखीच्या फितींमध्ये आहे यावरून तिचा अंदाज बांधता येतो. हस्तलिखितातला पुसलेला शब्द मागच्या-पुढच्या शब्दांवरून लावावा तसाच. तिसरी कसोटी काळाची. क्यूबाच्या क्रांतिकारी सशस्त्र दलांची दशवार्षिक स्मारकपदके इथे फार उपयोगी पडतात. विसाव्या वर्धापनदिनाचे १९७६ चे, तिसाव्याचे १९८६ चे. ज्या छायाचित्रात तिसाव्याची फीत आहे ते १९८६ पूर्वीचे असूच शकत नाही. या हिशेबात एक विधानही दडलेले आहे. ही वर्षे १ जानेवारी १९५९ च्या विजयापासून मोजलेली नाहीत. ‘ग्रान्मा’ ही बोट किनाऱ्याला लागली त्या २ डिसेंबर १९५६ पासून मोजलेली आहेत. सैन्य सत्तेत आल्यावर जन्मले नाही, चिखलात उतरले तेव्हाच जन्मले, असे ती फीत म्हणते.

कापडाची परीक्षाही करतात. अतिनील प्रकाशात आधुनिक धागा चमकतो, म्हणून १९२० किंवा १९३० च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या फितीची लबाडी उघडी पडते. पण हाच दिवा १९८० नंतरच्या फितीवर धरून ‘ही चमकली, म्हणून खोटी’ म्हणणारेही भेटतात. त्या काळात असा धागा सर्रास वापरात होता. साधनाच्या मर्यादा न कळता साधन वापरणे हा रोग केवळ संग्राहकांचा नाही; समीक्षेतही तो बराच पसरला आहे. असो.

इथपर्यंत सारे ठीक. माझा आक्षेप यानंतर सुरू होतो. ब्रिटिश अमलातल्या हिंदी शिपायाच्या पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. महाराष्ट्रातल्या एखाद्या गावच्या मराठा पलटणीतल्या शिपायाचे पदक सोनाराच्या मुशीतून वाचून आज कुठे परदेशात निघाले, तरी ते कोणाचे हे सांगता येते. क्यूबाच्या क्रांतीनंतरच्या पदकांवर सर्वसाधारणपणे असे नाव नसते. नाव असते ते सोबतच्या प्रमाणपत्रावर. कागद आणि पदक वेगळे झाले, की पदक मुके होते.

आणि ते वेगळे झालेच. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबावर ‘विशेष काळ’ नावाची टंचाई आली. काही वर्षांत उत्पन्न जवळपास तृतीयांशाने घटले. १९९३ मध्ये डॉलर बाळगणे कायदेशीर झाले, पर्यटक आले. हवानाच्या जुन्या शहरात, प्लासा दे आर्मासच्या भोवती जुन्या पुस्तकांचे ठेले वर्षानुवर्षे लागत. पुस्तकांच्या शेजारी नाणी, बिल्ले आणि पदके. त्यांत आंतरराष्ट्रीय लढवय्याचे पदक असे, अंगोलातल्या विजयाचे असे. ते विकणारा स्वतः लढलेला होता, की त्याची विधवा, की दलाल, हे विचारण्याची तसदी किती जणांनी घेतली? घेणाऱ्याला हवा होता नग. कागद जाड, जागा खाणारा. तो तिथेच राहिला.

या पदकांमागचा ऐवज केवढा आहे पाहा. नोव्हेंबर १९७५ मध्ये अंगोलाची मोहीम सुरू झाली. तिला नाव दिले होते कार्लोताचे. १८४३ मध्ये मातान्सास प्रांतातल्या साखर कारखान्यावरील उठावाचे नेतृत्व करणारी ही गुलाम स्त्री. मे १९९१ पर्यंतच्या साडेपंधरा वर्षांत तीन लाखांहून अधिक क्यूबन सैनिक तिथे जाऊन आले, दोन हजारांहून अधिक परतले नाहीत. क्यूतो क्वानावाले येथील १९८७-८८ च्या लढाईच्या नावाचे वेगळे पदक आहे. त्या लढाईचे यश कोणाचे, यावर हवाना आणि दक्षिण आफ्रिकेचे जुने सेनाधिकारी यांचे आजही एकमत नाही. पण डिसेंबर १९८८ च्या करारानंतर नामिबियाचा मार्ग मोकळा झाला हे खरे. अशा पदकाची नोंद ‘पितळ, इतके मिलिमीटर, स्थिती उत्तम’ एवढ्यावर संपवणाऱ्याला मी संग्राहक म्हणायला तयार नाही. तो साठा करणारा आहे.

यावर एक उत्तर मिळते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. कोष्टकवाले म्हणतात, ‘आम्ही वस्तूपुरते बोलतो. कोणाची बाजू खरी, कोण वीर आणि कोण गुन्हेगार, या वादात आम्हाला पाडू नका. वस्तू तटस्थ असते.’ हा युक्तिवाद मला आपल्याकडच्या रूपवादी समीक्षेच्या जवळचा वाटतो आणि त्याच्या संयमाविषयी मला आदरही आहे. पण आर्नाल्दो ओचोआचे काय करायचे, ते या तटस्थतेने सांगावे. सिएरा माएस्त्राच्या डोंगरात लढलेला, इथिओपिया आणि अंगोला पाहिलेला हा सेनापती १९८४ मध्ये ‘क्यूबा प्रजासत्ताकाचा वीर’ झाला. ही तीच पदवी, जी सर्वप्रथम १९८० मध्ये अंतराळात जाऊन आलेल्या आर्नाल्दो तामायो मेंदेस यांना मिळाली होती. क्यूतो क्वानावालेच्या काळात अंगोलातील क्यूबन लष्करी मोहिमेचा प्रमुख ओचोआच होता. जून १९८९ मध्ये त्याला अटक झाली, अमली पदार्थांच्या व्यापाराचे आरोप ठेवले गेले, पदवी आणि सारे सन्मान काढून घेतले गेले आणि १३ जुलैला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. आरोप कितपत खरे आणि शिक्षेमागे राजकारण किती, याची चर्चा आजही चालू आहे.

समजा १९८६ नंतरचे त्याचे एखादे छायाचित्र समोर आहे. छातीवर फिती आहेत. त्या प्रत्येकीचे नाव सांगता येईल. पण ज्या राज्याने त्या दिल्या त्यानेच त्या त्याच्या कधीच नव्हत्या असे ठरवले आहे. छायाचित्राखाली काय लिहायचे? ‘अमुक सन्मानाची फीत’ असे लिहिले तर ते अर्धे सत्य. ‘नंतर काढून घेतलेली’ असे जोडले, की आपण तटस्थतेतून बाहेर पडलोच. माझ्या मते जोडलेच पाहिजे, तारखेसह. पाठभेद खाली नोंदवणारा संपादक जसा एका पाठाची बाजू घेत नाही पण दुसरा पाठ लपवतही नाही, तसे.

एक व्यवहारी गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाजारात सुट्या फिती जोडून ‘अधिकाऱ्याची संपूर्ण पट्टी’ तयार करून विकण्याची चाल आहे. प्रत्येक फीत अस्सल, पण त्या एकत्र धारण करणारा माणूस कधी जन्मलाच नव्हता. वेगवेगळ्या संतांच्या ओळी जोडून नवा अभंग करावा तसा हा प्रकार. अशी पट्टी घेण्यापेक्षा प्रमाणपत्रासह असलेले एकच साधे साक्षरता पदक मी शतपटीने मोलाचे मानीन, आणि विद्यार्थ्यांपैकी कोणाला हा छंद असेल तर त्याने आधी स्पॅनिश लिपीतली हस्ताक्षरे वाचायला शिकावीत, असा माझा आग्रह राहील. रंगांची कोष्टके नंतरही मिळतात.

अंगोला आणि इतर मोहिमांत पडलेल्यांचे अवशेष ७ डिसेंबर १९८९ रोजी, मासेओच्या पुण्यतिथीला, क्यूबाभर एकाच दिवशी आपापल्या गावी दफन केले गेले. त्यांची पदके कुठे गेली हे प्रत्येकाच्या बाबतीत शोधणे आता अवघड आहे. अंगोलात मेलेल्या दोन हजारांहून अधिक क्यूबन सैनिकांची नावे मात्र दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाच्या फ्रीडम पार्कमधल्या नामभिंतीवर कोरलेली आहेत. तिथे एकही फीत नाही.